एकटीचा धंदा, दूधगंगेपलीकडचं गिऱ्हाईक

निपाणीत घरी केलेली जवसाची चटणी बिदरच्या गिऱ्हाइकाला पाठवली, तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. तीच चटणी वीसेक किलोमीटरवरच्या कागलला पाठवली, तर पहिल्या पाकिटापासून लागते. बिदर राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पण कर्नाटकातच. कागल दूधगंगेपलीकडे, म्हणजे महाराष्ट्रात. वस्तू विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे खरी, पण माल राज्याची हद्द ओलांडतो तिथे ती संपते. हस्तकलेच्या काही वस्तू सोडल्या, तर सगळ्या करपात्र मालाला हा नियम लागू आहे.

मी निपाणीत कर सल्लागार आहे. लोकांचे हिशेब, जीएसटी, आयकर, आलेल्या नोटिसांना उत्तरं, हे माझं रोजचं काम. हा नियम काही नवा नाही, 2017 पासूनचा आहे. पण घरगुती धंदा करणाऱ्या बाईला तो इतकी वर्षं टोचत नव्हता. तिचं गिऱ्हाईक गल्लीत, फार तर आठवडी बाजारात. कोल्हापूर-पुण्यापर्यंत पोचायचं तर लेबल करणारा, जाहिरात लिहिणारा, इंग्रजीत उत्तरं देणारा, हिशेब ठेवणारा अशी चार माणसं हाताशी लागायची, आणि त्यांना द्यायला तिच्याकडे पैसे नसायचे. आता ही चारही कामं फोनमध्ये होतात. धंदा एकटीचा आणि गिऱ्हाईक राज्याबाहेरचं, अशी माणसं माझ्याकडे येऊ लागली आहेत. कायद्याला कारखाना कळतो, दुकान कळतं, पगारदार कळतो. हे माणूस त्याला अजून नीट कळलेलं नाही.

ज्याला जनरेटिव्ह एआय म्हणतात ते आपल्यापर्यंत पोचलं नोव्हेंबर 2022 मध्ये, चॅटजीपीटीच्या रूपानं. पाठोपाठ जेमिनी, क्लॉड वगैरे आले. अफाट मजकूर वाचून, कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे त्यांना शिकवलेलं असतं. आपण विचारलं की त्या शिकण्याच्या जोरावर ते नवा मजकूर जुळवून देतात. चित्र, आवाज आणि संगणकाचा प्रोग्रॅमही तसाच तयार होतो. एखाद्या कपाटातून तयार उत्तर काढून दिलं, असं ते नसतं. म्हणून भाषा सफाईदार येते आणि म्हणूनच चूकही तितक्याच सफाईनं येते. एआय घेऊन धंदा करणाऱ्या माणसाचं सगळं सुखदुःख या एका गोष्टीत आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका बाईनं चटणीचं पाकीट आणून माझ्या टेबलावर ठेवलं. पुढच्या बाजूला मराठी, मागे कन्नड आणि इंग्रजी. रंग छान, फोटो छान. कुणाकडून करून घेतलं म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘‘कुणाकडनं कशाला ताई? फोनला सांगितलं की. त्यानंच दिलं करून.’’ ती सातवी शिकलेली. टाईप करत नाही, बोलते. तिच्या निपाणीच्या मराठीत बोलते आणि फोनला ते कळतं. पुण्याच्या एका सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिची जाहिरात फिरली होती, तीही फोननंच लिहिलेली. मागणी आली म्हणून ती माझ्याकडे पार्सलच्या बिलाचं विचारायला आली होती.

मी पाकीट उलटलं. खाली ओळ होती : मधुमेह आणि हृदयरोगावर गुणकारी. खाण्याच्या पदार्थानं रोग बरा होतो, असा दावा पाकिटावर करता येत नाही. अन्न सुरक्षा कायद्याखालचे 2018 चे नियम तसं स्पष्ट सांगतात. तिनं अशी ओळ मागितलीच नव्हती. ‘विक्री वाढंल असं लिही’ म्हटल्यावर फोननं ती आपली घातली होती. त्याच्या शेजारी एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी नंबर. नोंदणी कधी केली, असं विचारलं तर तिनं केलीच नव्हती. नमुना म्हणून टाकलेला आकडा तसाच्या तसा छापून आला होता. ‘‘नंबर खोटा हाय व्हय? मला वाटलं त्याला ठावं असंल,’’ म्हणाली. ती पाकिटं बाजूला ठेवली, नोंदणी केली, निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादनाची तारीख आणि पत्ता घालून लेबल परत केलं. तेही फोनवरच केलं, पण या वेळी काय घालायचं आणि काय नाही, हे आम्ही आधी कागदावर लिहून घेतलं.

एकट्याच्या धंद्यात मधला माणूस गेला, त्याबरोबर मधला डोळाही गेला. पूर्वी डीटीपीवाला म्हणायचा, ‘‘बाई, नंबर दाखवा, मग छापतो.’’ आता विचारणारं कुणी नाही. अधिकारी तपासायला आला, तर तो एआयच्या नावानं नोटीस काढणार नाही. पाकिटावर जिचं नाव, जबाबदारी तिची.

आणि हे फक्त सातवी शिकलेल्या बाईचं होतं असं कुणी समजू नये. डिसेंबर 2024 मध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बंगळूर खंडपीठानं दिलेला एक आदेश आठवडाभरात मागे घ्यावा लागला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले काही निवाडे अस्तित्वातच नव्हते. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एक कर-आकारणी रद्द केली. तिथेही अधिकाऱ्यानं नसलेल्या निवाड्यांचे दाखले दिले होते, आणि एआयनं दिलेलं डोळे मिटून वापरू नका, असं न्यायालयाला सांगावं लागलं. मीसुद्धा उत्तरांचा मसुदा एआयकडून करून घेते. कन्नडमधल्या नोटिशीचा मराठीत अर्थ विचारते. पण निवाड्याचा प्रत्येक क्रमांक मूळ ठिकाणी जाऊन बघितल्याशिवाय सही करत नाही. आणि नोटिशीचा फोटो काढण्यापूर्वी पॅन आणि आधारच्या आकड्यांवर पट्टी चिकटवते. अशिलाची माहिती कुठल्या देशातल्या संगणकावर जाते, ते आपल्या हातात नसतं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा 2023 चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. गिऱ्हाइकांचे नंबर आणि पत्ते फोनमध्ये ठेवणारी चटणीवालीसुद्धा त्याच्या कक्षेत येते, याची तिला कल्पना नाही.

दुसरं उदाहरण बेळगावचं. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात ड्रॉइंगचं काम करणारा माझा एक अशील आता घरी बसून तेच काम करतो. बेळगाव हे फौंड्री आणि हायड्रॉलिक पार्टचं गाव. लहान कारखान्यांना परदेशी गिऱ्हाइकाची चौकशी आली, की ड्रॉइंग वाचून कोटेशन करायचं, इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळायचा, तपासणीचे कागद तयार करायचे, यासाठी वेगळं माणूस ठेवणं परवडत नाही. हा ते काम पाच-सहा कारखान्यांसाठी एकटा करतो. ड्रॉइंग त्याचं, मापं त्याची. पत्र, तक्ते आणि जर्मन गिऱ्हाइकाला जर्मनमध्ये उत्तर हे एआयचं. त्याची कामं पुणे-कोल्हापूरलाही जातात, आणि त्याला जीएसटी नोंदणी लागत नाही! सेवा देणाऱ्याला 20 लाखांपर्यंत सूट आहे, आणि ऑक्टोबर 2017 च्या अधिसूचनेनं ती राज्याबाहेरच्या सेवेलाही मिळाली. म्हणजे ड्रॉइंग ईमेलनं दूधगंगा ओलांडतं तेव्हा कायदा विश्वास ठेवतो, आणि चटणीचं पाकीट एसटीनं ओलांडतं तेव्हा ठेवत नाही. एकाच कराच्या कायद्यात शिकलेल्या एकट्याला एक न्याय आणि घरी बसून वस्तू करणारीला दुसरा, असं हे झालं आहे.

या ड्राफ्ट्समनचं दुखणं वेगळं आहे : पैसे वेळेवर मिळत नाहीत. त्यावर उपाय कायद्यातच आहे. उद्यम नोंदणी जुलै 2020 पासून आधार आणि पॅनवर फुकट होते. नोंदलेल्या सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. 2023-24 पासून आयकरातही तरतूद आली, की मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच वजा करता येतो. ही नोंदणी करून प्रत्येक बिलावर तिचा क्रमांक छाप, एवढंच मी त्याला सांगितलं. एकट्या माणसाला वकील परवडत नाही. बिलावरच्या त्या आकड्यानं बरंच काम होतं.

अमेरिकेत या विषयावर बोलतात तेव्हा आकडे अब्जाचे असतात. ओपनएआयचे सॅम ऑल्टमन यांनी 2024 मध्ये भाकीत केलं, की एकट्या माणसाची अब्ज डॉलरची कंपनी निघेल. इस्राएलमधल्या माओर श्लोमो यांनी एकट्यानं सुरू केलेली बेस44 ही कंपनी काही महिन्यांतच, जून 2025 मध्ये, विक्सनं 8 कोटी डॉलरना घेतली. तोवर तिथे मोजकी माणसं कामाला आली होती. आपल्याकडचा एकटा धंदेवाला वेगळा. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या पाहणीत शेतीबाहेरचे 7.34 कोटी असंघटित उद्योग मोजले गेले आणि त्यांत 12.06 कोटी माणसं. सरासरी काढा : एका धंद्यामागे दोन माणसंही नाहीत. म्हणजे एकट्याचा धंदा ही आपल्याकडे एआयनं आणलेली नवलाई नाही, आपला बहुतेक धंदा आधीपासून तसाच आहे. त्याच पाहणीत इंटरनेट वापरणारे फक्त 26.7 टक्के होते. एआयचा खरा परिणाम दिसेल तो उरलेल्यांना हे बोलून वापरता येईल तेव्हा. आणि त्यात कुणाची तरी कामं जातील, हेही धरूनच चालायला हवं. माझ्या ऑफिसात पूर्वी दोन मुलं बसायची. टॅलीत नोंदी करत, चुका करत शिकायची आणि दोन-तीन वर्षांत स्वतःचं ऑफिस काढायची. एक बेळगावला गेला, दुसरा बंगळूरला. त्यांच्या जागी मी नवीन कुणी घेतलं नाही. काम अडत नाही. पण निपाणीतला पुढचा कर सल्लागार शिकणार कुठे, याचं उत्तर माझ्याकडे नाही. देवचंद कॉलेजातून बी. कॉम. होऊन दरवर्षी मुलं बाहेर पडतातच.

आता सरकारची बाजू. आपल्याकडे एकटा माणूस सरकारला दिसतो तो यूपीआयवर. जुलै 2025 मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्यानं यूपीआयच्या आकड्यांवरून चहावाले, बेकरीवाले, भाजीवाले अशा हजारोंना नोटिसा काढल्या. दुकानदारांनी क्यूआर कोडचे कागद काढून टाकले, रोखीवर आले आणि बंदची हाक दिली. शेवटी मुख्यमंत्र्यांनी बैठक घेऊन मागचा कर वसूल करणार नाही, पुढे नोंदणी करा, असं सांगितलं. त्या महिन्यात माझ्याकडे रोज कुणी ना कुणी फोन पुढे करून विचारायचं, ‘‘मॅडम, भावानं पाठवलेले पैसेपण धंद्यातच धरणार काय?’’ नोंदणी ही भीतीची गोष्ट झाली, तर एआयनं धंदा कितीही सोपा केला तरी माणूस तो लपवूनच करणार.

बायकांच्या बाबतीत तर नोंदणीला दंडच आहे. कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेत कुटुंबप्रमुख बाईला महिना 2,000 रुपये मिळतात. पण ती किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल किंवा जीएसटीचं विवरणपत्र भरत असेल, तर मिळत नाहीत. हिशेब मांडा. चटणीवालीनं कागलला पाकीट पाठवण्यासाठी नोंदणी केली, की वर्षाचे 24,000 गेले. वर विवरणपत्रं आली. विक्री झाली नाही तरी कोरं विवरणपत्र भरायचं, उशीर झाला की शुल्क. लहान व्यापाऱ्यांसाठी जी कंपोझिशनची सोय आहे, एक टक्का भरा आणि मोकळे व्हा, ती राज्याबाहेर माल पाठवणाऱ्याला नाही. ऑक्टोबर 2023 पासून नोंदणीविना ई-कॉमर्सच्या साइटवर विकता येतं, पण तेही स्वतःच्या राज्यात. सीमेवरच्या माणसाला प्रत्येक सवलतीच्या खाली हीच ओळ भेटते. हुबळीच्या बाईला ही ओळ फार लागत नाही, तिच्या चारी बाजूंना कर्नाटक आहे. आमची बाजारपेठ, सोयरीक, दवाखाना सगळं कोल्हापूरकडे. आमचं देवचंद कॉलेजही म्हणायला निपाणीचं, पण उभं आहे अर्जुननगरात, कागल तालुक्यात.

घरात बसून काम करणाऱ्या माणसाला कायद्यात कसं आणायचं, हा प्रश्न मात्र निपाणीला नवा नाही. माझी आई विड्या वळायची. कारखानदाराकडून पानं आणि तंबाखू आणायची, ओट्यावर बसून वळायची, हजारावर मजुरी. तिला मालक नाही, ती घरी काम करते, मग ती कामगार कशी, असा युक्तिवाद त्या काळी होत होता. 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यानं घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार धरलं. 1976 मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला. विडीवर उपकर बसवला, आणि त्या पैशातून दवाखाना, घरकुल आणि मुलांना शिष्यवृत्ती. आईच्या ओळखपत्रावर मला शिष्यवृत्ती मिळाली, त्यावर माझी वह्या-पुस्तकं आली. 2017 मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. 1966 च्या कायद्याची जागाही आता नव्या कामगार संहितांनी घेतली आहे. पण युक्ती साधी होती आणि चालली होती : माणूस कुठे बसून काम करतो ते विचारू नका, त्याच्या मालाची उलाढाल जिथे होते तिथे चिमूटभर कापा आणि त्याच्या नावाच्या कार्डावर परत द्या.

कर्नाटकानं 2025 मध्ये गिग कामगारांसाठी केलेला कायदा याच वाटेनं जातो. ॲपवाल्या कंपनीनं कामगाराला दिलेल्या मोबदल्यावर 1 ते 5 टक्के कल्याण शुल्क, आणि त्यातून सामाजिक सुरक्षा. चांगला कायदा आहे. पण त्यात येतो तो कंपनीच्या ॲपवरून काम घेणारा. व्हॉट्सॲपवर स्वतः गिऱ्हाईक मिळवणारी चटणीवाली आणि ईमेलवर काम घेणारा ड्राफ्ट्समन त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी केंद्रानं 2019 मध्ये छोटे व्यापारी आणि स्वयंरोजगारवाल्यांची पेन्शन योजना आणली. उलाढाल दीड कोटींपर्यंत, वय 18 ते 40, साठीनंतर महिना 3,000 रुपये. माझ्या पस्तिशीपुढच्या अशिलांना ती ऐकूनही माहीत नाही, आणि चाळिशी ओलांडलेल्यांना तिचा उपयोग नाही. एआयवर काम करायला लागलेल्यांत हीच माणसं पुष्कळ आहेत. नोकरी गेलेली, किंवा मुलं मोठी झाल्यावर धंदा सुरू केलेल्या बायका.

एकल कंपनीचा रस्ता त्यांना कुणीतरी सुचवतो. 2013 च्या कंपनी कायद्यानं एका माणसाच्या कंपनीला मान्यता दिली आणि एप्रिल 2021 पासून तिच्यावरच्या भांडवल आणि उलाढालीच्या मर्यादाही उठवल्या. कर्ज घ्यायचं, मोठ्या कारखान्याशी करार करायचा, घरदार धंद्याच्या देण्यापासून वेगळं ठेवायचं, तर ती चांगली. ड्राफ्ट्समनला मी ती पुढे सुचवणार आहे. पण लेखापरीक्षण आणि दरवर्षीची विवरणपत्रं यांचा खर्च चटणीच्या धंद्याला झेपत नाही.

मला काय हवं, ते सांगते. पहिलं, वस्तूंनाही सेवांसारखी 20 लाखांपर्यंत राज्याबाहेरच्या विक्रीची सूट द्या. कायदा बदलावा लागत नाही, हस्तकलेसाठी आणि सेवांसाठी दिली तशी अधिसूचना पुरते. पॅन सक्तीचा करा, प्रत्येक पार्सलवर नोंद ठेवा, पण विवरणपत्राच्या चक्रात घालू नका. दुसरं, गृहलक्ष्मीतून नाव काढायचं तर उत्पन्न बघून काढा, जीएसटीचा क्रमांक बघून नको. तिसरं, 2019 च्या पेन्शनची वयाची अट सैल करा आणि उद्यमच्या प्रमाणपत्रालाच ते कार्ड करा, म्हणजे नोंदणीत माणसाला काही मिळेल. चौथं, एआयपर्यंतची वाट. मार्च 2024 मध्ये केंद्रानं इंडिया एआय मिशनला सुमारे 10,372 कोटी मंजूर केले, आणि त्यातून कंपन्यांना महागडी यंत्रं स्वस्तात वापरायला मिळतात. आमच्याकडच्या माणसाला यंत्र नको, महिन्याची वर्गणी हवी. 2025 मध्ये कंपन्यांनी सिमकार्डाबरोबर ती फुकट वाटली. मुदत संपली, की सवय लागलेल्या माणसाला पैसे मोजावे लागतील, त्यावर 18 टक्के जीएसटी, आणि नोंदणी नसल्यामुळे तो वजाही होणार नाही. मराठी आणि कन्नड दोन्ही जाणणारी सरकारची भाषिणी ही भाषांतराची सेवा 2022 पासून आहे. तालुक्याच्या सेवा केंद्रात ती आणि एक शिकवणारं माणूस बसवलं, आणि लेबलावर काय छापायचं नाही हे त्यानं सांगितलं, तर अर्ध्या नोटिसा वाचतील. टॅली शिकलेल्या बी. कॉम.च्या मुलांना ते काम देता येईल.

यातली पहिली मागणी जीएसटी परिषदेत जायला हवी, आणि तिथे कर्नाटक आणि महाराष्ट्र दोघंही बसतात. 1956 पासून या दोन राज्यांचं सीमेवरून भांडण आहे, 2004 पासून ते सर्वोच्च न्यायालयात आहे. तरी 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेच्या जीआयसाठी, म्हणजे भौगोलिक मानांकनासाठी, दोघं एकत्र आलेच. प्रत्येकी चार जिल्हे, त्यात बेळगावही. चपलेला जे जमलं ते चटणीला जमायला हरकत नाही. जमीन कुणाची, हे न्यायालय ठरवील. तिच्यावरून पाकीट न्यायला नोंदणी लागू नये, एवढं दोन अर्थमंत्र्यांना परिषदेत मांडता येतं.